चित्र सत्तावीसमधली शिडी

रेघताईंना होडीत बसलं की मळमळायचं. लहानपणी एकदा नदी ओलांडताना त्यांनी धाकट्या भावाचा नवा सदरा पार खराब करून टाकला होता, आणि पन्नाशी उलटली तरी भाऊ ते विसरायला तयार नव्हता. त्यानंतर त्या पाण्याच्या वाटेला गेल्या नाहीत. पण जुन्या लढाऊ जहाजाच्या पोटात कुठल्या तुळईखाली मान वाकवायची, चुलीची ऊब कुठल्या फळीपर्यंत पोचते, तोफेच्या कुठल्या खिडकीतून सकाळचं ऊन आधी आत येतं, हे त्यांच्याइतकं त्या शहरात दुसऱ्या कुणाला माहीत नसेल.

त्यांचं कामच ते होतं. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर लहानसं प्रकाशन होतं. जुन्या युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृती घरी बसून बनवणारे लोक असतात, त्यांच्यासाठी तिथं पुस्तकं निघायची. एका पुस्तकात एकच जहाज. वाचायला मजकूर थोडा, बाकी सगळी चित्रं. जहाज कडेनं, जहाज वरून, जहाज मधोमध कापून. एकेक डेक वेगळा. डोलकाठ्या, दोरांच्या गाठी, तोफांच्या गाड्यांची चाकं, चुलीचं धुराडं, आणि प्रत्येकाशेजारी त्याचं माप. ही पुस्तकं समोर उघडी ठेवून कुठकुठली माणसं पातं आणि डिंक घेऊन वर्षानुवर्षं टेबलावर वाकलेली असायची. पुस्तकातली रेघ केसभर हलली तर तिकडे कुणाच्या तरी घरात डोलकाठी तिरकी उभी राहायची.

म्हणून मालकांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, या बाईंचा हात बघून त्यांना रेघताई म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. एकतीस वर्षं झाली. खिडकीपाशी तिरका बोर्ड, वर ताणून बसवलेला ट्रेसिंग कागद, तीन जाडीची तीन शाईची पेनं, भिंग आणि पेनं पुसायचं एक मऊ फडकं. पहिली रेघ ओढण्याआधी त्या डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. मागणं एकच, हात सरळ ठेव. बाकी काही मागायला त्यांना संकोच वाटायचा.

आणि एक पद्धत होती, त्यांची त्यांनीच घालून घेतलेली. मूळ जुन्या नकाशात एखादी खूण नीट कळली नाही, तर ट्रेसिंगवर त्या जागी पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचा. मग कागदपत्रं बघायची, दुसरे नकाशे ताडून बघायचे, आणि शंका फिटली की ठिपका पुसून शाई करायची. ठिपका असेपर्यंत शाई नाही. नकाशात नाही ते चित्रात नाही, असं प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मालक मोठ्या झोकात छापायचे, ते या ठिपक्यांच्या जिवावर.

काम करता करता ताई जहाजात शिरायच्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपार कलली, खिडकीतलं ऊन कागदावर आडवं झालं, की शाईची रेघ हळूहळू फळीसारखी दिसू लागायची. मग पाय टेकवायला जागा व्हायची. डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास यायचा, कुठंतरी दोर कुरकुरायचा, सगळं जहाज झोपेत कूस बदलल्यासारखं हलायचं. तिथं मळमळत मात्र कधी नसे. घरी आल्यावरही त्या कधीकधी पुरत्या परतलेल्या नसायच्या. भावाची बायको ताटं मांडून हाक मारायची, "वन्सं, आज कुठल्या बंदराला लागलात? जेवण गार होतंय." भाऊ म्हणायचा, राहू दे, बोलू नकोस, माझ्या अंगावर नवा सदरा आहे.

त्या सगळ्या जहाजांत ताईंचं लाडकं होतं सिंहाचं जहाज. पुढच्या टोकाला लाकडी सिंह आणि दोन्ही बाजूंना मिळून चौऱ्याहत्तर तोफा. ते पुस्तक त्यांनी अकरा वर्षांपूर्वी केलं. आई अंथरुणाला खिळलेली होती ते वर्ष. घरात एक खोली आईची, एक भावाची, आणि ताई दोन्हींच्या मधल्या वाटेत. आई दर घटकेला हाक मारायची आणि ताई दर हाकेला उठायच्या. कामावर यायच्या तेव्हासुद्धा कानात ती हाक असायचीच. त्या जहाजाच्या सगळ्यात खालच्या डेकच्या चित्रात, चित्र क्रमांक सत्तावीसमध्ये, एक अरुंद शिडी होती. ताई ती उतरून खाली जायच्या. खाली एक छोटी, कोरडी खोली. शेजारच्या खोलीतला दिवा काचेतून दिसायचा, तेवढाच उजेड. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की कसला आवाज नाही, कुणाची हाक नाही. आई गेल्यावरही ताईंचं तिथं जाणं सुटलं नाही. मनाला कुठं टेकावंसं वाटलं की त्या शिडी उतरायच्या.

यंदा सिंहाच्या जहाजाची दुसरी आवृत्ती निघायची होती. मालकांनी वाचकांच्या पत्रांचं बाड ताईंपुढे ठेवलं आणि सांगितलं, नजर टाका, बहुतेक कौतुकच आहे. कौतुकाच्या पत्रांखाली एकाच हातची तीन पत्रं निघाली, चार-चार महिन्यांच्या अंतरानं आलेली. मजकूर जवळपास तोच. अक्षर मात्र दरवेळी जास्त कापरं झालेलं.

लिहिणारे दातांचे डॉक्टर होते, निवृत्त. सात वर्षं ते सिंहाचं जहाज बांधत होते. त्यांनी लिहिलं होतं की चित्र सत्तावीसमधली शिडी जिथं उतरते, तिथं चित्र एकोणतीसप्रमाणे दारूगोळ्याचं कोठार येतं. वरच्या डेकवर माणसं दिवे घेऊन वावरायची. एक ठिणगी पडली तर आख्खं जहाज जायचं, म्हणून कोठारात उजेडसुद्धा काचेपलीकडून देत. तिथं सरळ वरून शिडी कोण सोडेल? पुढे लिहिलं होतं, "पुस्तक चुकलं म्हणण्याचं माझं धाडस नाही. माझीच समजूत कमी पडत असेल. पण खात्री होईपर्यंत मी त्यावरचा डेक बंद करत नाही. हात थरथरू लागलेत, तेव्हा लवकर कळवलंत तर उपकार होतील."

ताईंनी पत्र खाली ठेवलं. ती खोली इतकी शांत का होती, ते त्यांना आत्ता कळलं. तिथं यायची कुणाला परवानगीच नव्हती. क्षणभर त्यांना हसू आलं.

पत्र्याच्या नळकांड्यांत जुनी ट्रेसिंग ठेवलेली असत. त्यांनी सत्तावीस काढलं, शेजारी मूळ नकाशाचा फोटो ठेवला. नकाशा घडीवर फाटला होता आणि कुणीतरी मागून जाळीदार कापडाचं ठिगळ लावलं होतं. त्या जाळीचे धागे फोटोत उमटले होते, आडवे, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. तिथं शिडी नव्हतीच. ताईंनी ट्रेसिंग खिडकीकडे धरून तिरकं केलं. शिडीच्या डोक्याशी पेन्सिलीच्या टोकाचा बारीक खळगा होता. ठिपका दिलेला होता, आणि पुसलेला होता. कुठलाही कागद न बघता. कारण त्या वर्षी त्यांना खाली उतरायला शिडी हवी होती.

मालक म्हणाले, ताई, तुम्ही उगीच जिवाला लावून घेताय. अकरा वर्षांत एका माणसाला दिसलं, म्हणजे दिसलं नाही असंच धरायचं. डेकच्या खाली कोण वाकून बघतंय?

"मी बघते ना," ताई म्हणाल्या.

नवीन चित्र काढायला मालक राजी झाले. पण पहिल्या पानावर झालेल्या चुकीची नोंद छापायची म्हटल्यावर ते चुळबुळले. छपाईची चूक असं लिहू, म्हणाले. ताई म्हणाल्या की बिचाऱ्या छपाईनं काय केलंय? मालकांनी बराच वेळ चष्मा पुसला. शेवटी, रेखाटनातली चूक, एवढ्यावर तडजोड झाली. वडील असते तर तुमचंच ऐकलं असतं, असं पुटपुटत ते खाली छापखान्यात गेले.

उत्तर पोस्टानं धाडता आलं असतं. पण तीन पत्रं ज्याची पडून राहिली, त्याला चौथ्यांदा कागद कसा द्यायचा? त्या दिवशी ताईंनी देवापुढे नुसते हात जोडले, माफी मागितली नाही. देवाला मागाहून सांगता आलं असतं, तो कुठं जात नव्हता. डॉक्टरांच्या हातांचा मात्र भरवसा नव्हता.

डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. पुस्तकातल्या चित्रकार बाई आल्यात म्हटल्यावर ती आधी बघतच राहिली, मग आत ओरडून म्हणाली, "अहो, माझ्या सवतीच्या माहेरचं माणूस आलंय." मग ताईंना बसवून तिनं सांगितलं की जेवणाचं टेबल सात वर्षं त्या जहाजाला दिलंय आणि आम्ही दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवतो. मुलगी आली की तिला खिडकीत बसून जेवावं लागतं.

ताईंना ते नीट ऐकू येत नव्हतं. टेबलावर सिंहाचं जहाज उभं होतं. हातभर लांब, मधासारख्या रंगाचं, अजून डोलकाठ्या न चढलेलं. मधला एक पट्टा उघडा होता आणि बाजूला कापून, घासून, ओळीनं लावून ठेवलेल्या फळ्या वाट बघत होत्या. इतकी वर्षं जिथं फिरलो ते गाव कुणीतरी डोंगरावरून दाखवावं, तसं त्यांना झालं.

डॉक्टर उंच आणि हळू बोलणारे होते. उजवा हात ते डाव्या हातात धरून ठेवायचे. शिडीचं सांगायला तुम्ही स्वतः आलात, म्हणजे माझंच चुकलं असणार, असं ते म्हणू लागले. ताईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"शिडी नाहीये, डॉक्टर. कधीच नव्हती. मला शंका आली होती, तरी मी ती काढली."

डॉक्टरांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी जहाजाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

"वर्षभर मला वाटत होतं की माझं डोकं चालेनासं झालं," ते म्हणाले. "हात तर गेलाच, आता डोकंही. म्हणजे ते शाबूत आहे."

"मी सांगत होते," पत्नी म्हणाली, "पण माझं काय, मी छापील नाही ना."

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. शिडी काढून टाकायला हवी, म्हणाले. पण ती मुळापासून बसलीय, खाली कोठाराच्या तळाला चिकटलेली. पातं लावून सोडवावी लागेल आणि चिमट्यानं वर ओढावी लागेल, शेजारचं काही न मोडता. हे सांगताना त्यांनी डाव्या हातातला उजवा हात सोडला, आणि तो हवेत पानासारखा हलू लागला. सात वर्षांचं काम त्या हाताखाली द्यायचं कुणाच्याही मनात आलं नसतं.

ताई उभ्या राहिल्या. पेनाखेरीज त्यांनी हातात कधी काही धरलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीचं एवढंसं मागणं मागितलं.

डॉक्टरांनी त्यांना दात तपासायचा आरसा दिला, लांब दांडीचा, नखाएवढा. पत्नीनं विजेरी धरली. उघड्या पट्ट्यातून ताईंनी आरसा आत सोडला आणि तो फिरवला. आरशात आधी तुळया आल्या, मग चुलीची मागची बाजू, मग खालचा डेक. उजेड फळ्यांवरून मधासारखा ओघळत होता. आणि तिथं शिडी होती. अकरा पायऱ्या. चौथी पायरी जरा वाकडी, कारण जाळीचा तो धागा वाकडा होता, आणि ताईंनी वाकडाच काढला होता, आणि डॉक्टरांनी इमानानं वाकडाच बसवला होता. त्या पायरीवर पाय जपून ठेवावा लागतो, हे ताईंच्या पायाला ठाऊक होतं. खाली ती छोटी खोली, काच, काचेमागे मण्याएवढा दिवा. सगळं जसंच्या तसं. आरशावर आपल्या श्वासाची वाफ धरतेय, हे लक्षात येईपर्यंत त्या तिथंच होत्या.

"हळूहळू हलवा," डॉक्टर शेजारून पुटपुटत होते. "जोर नको. डावीकडे, उजवीकडे. मूळ सैल झालं की ती आपणहून येते."

ताईंनी पातं टेकवलं. डिंक सुटल्याचा बारीक आवाज झाला. चिमट्यात धरून त्यांनी शिडी सरळ वर घेतली, मोठ्या कागदावर रेघ ओढावी तशी, न थांबता, एका श्वासात. डेकवर उरलेल्या भोकात डॉक्टरांनी कापलेला फळीचा तुकडा ताईंनीच दाबून बसवला. मग बाजूच्या ओळीतली पहिली फळी उचलली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. आपला तळहात त्यांच्या मनगटाखाली टेकू म्हणून धरला. फळी दोघांनी मिळून बसवली. दुसरी फळी पत्नीनं धरली. ताई निघाल्या तेव्हा नवराबायको तिसऱ्या फळीवरून भांडत होते.

शिडी त्यांनी ताईंना देऊ केली होती. ताई नको म्हणाल्या. ती कुठल्याच जहाजाची नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चित्र सत्तावीस नव्यानं काढलं. ठिपके आले तेवढे दिले, आणि कागद बघून एकेक पुसले. शेवटची रेघ वाळत होती तेव्हा ऊन कागदावर आडवं झालं होतं. डांबराचा वास आला. ताई सवयीनं चुलीमागून गेल्या, खाली वाकून दोन डेक उतरल्या, त्या जागी पोचल्या. तिथं सलग फळ्या होत्या. त्यांनी पायाच्या बोटांनी चाचपून बघितलं. फळ्या पक्क्या होत्या.

त्या तिथं जरा वेळ उभ्या राहिल्या. खालून काही ऐकू येत नव्हतं. मग वळून, तुळयांखाली मान वाकवत, त्या पुढच्या टोकाकडच्या जिन्याकडे निघाल्या. तो जिना नकाशात होता. वळसा पडत होता, पण तो वर उजेडात जात होता, जिथं सिंहाच्या पाठीमागे बसायला जागा होती.