माझा प्रसंग मी देणार नाही

“तुझा तो मनावरकडचा प्रसंग आहे ना, हातपंपाचा, तो हिला देऊन टाक,” ताई म्हणाल्या.

घरातली जुनी साडी मोलकरणीला देऊन टाकतात, त्या सुरात. फक्त इथे मागणाऱ्या त्या होत्या. ‘ही’ म्हणजे त्यांची भाची. इंदूरला शिकते. मांडीवर लॅपटॉप घेऊन समोर बसली होती. आम्ही देवासला, संस्थेच्या ऑफिसात. ताई संस्थेच्या प्रमुख, मी तिथली बारा वर्षांची कार्यकर्ती.

प्रसंग सांगते. धार जिल्ह्यात, मनावर नावाच्या गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात दलित वस्तीतल्या बायकांना हातपंपावर पाणी भरू देत नव्हते. मी त्यांची तक्रार लिहून घ्यायला गेले. ऊन होतं. पंप मारून मी पाणी प्यायले. चार माणसं आली. एकानं जात विचारली. मी म्हणाले, बौद्ध. “मतलब वही,” तो म्हणाला. राख आणली आणि पंप माझ्याकडून घासून घेतला. दांडा, तोटी, खालचा ओटा. त्यांचं मन भरेना. पुन्हा घास. मी घासला. ज्यांच्यासाठी गेले होते त्या बायका बघत उभ्या होत्या. पोलीस शिपाईही तिथेच बाजूला बिडी ओढत होता.

हे मी ताईंना एकदा विश्वासानं सांगितलं. मग बाहेरचे पाहुणे आले की त्या मला बोलवायच्या. “जरा ते सांग ना.” मी सांगायची. कुठे थांबलं की रुमाल निघतात तेही मला कळायला लागलं. एकदा तशी थांबले, रुमाल निघाला, आणि मला बरं वाटलं. ते आठवलं की आजही किळस येते. त्यांची नाही, माझी.

यंदा एक फेलोशिप निघाली. अल्पसंख्य समाजातून येऊन मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांसाठी परदेशात प्रशिक्षण. ठाण्यात दाबलेली तक्रार थेट वरपर्यंत कशी न्यायची, हे शिकवणार होते. जाहिरात मीच शोधली. वयाची अट होती आणि माझं हे शेवटचं वर्ष. इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मिळेल, असंही लिहिलं होतं. हवं होतं एक शिफारसपत्र. ते मी ताईंकडे मागितलं, सोबत अर्जासाठी मराठीत लिहिलेला माझा प्रसंगही दिला. इथे चुकले. त्यांनी जाहिरात वाचली आणि भाचीला बोलावून घेतलं.

“हिला कसं चालेल?” मी विचारलं.

“का नाही? भाषिक अल्पसंख्य पण चालतात, लिहिलंय ना. एमपीत आपण मराठी माणसं अल्पसंख्यच आहोत.”

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आपल्यात धरलं. ताईंचे पणजोबा संस्थानात कारभारी म्हणून इकडे आले. माझे पणजोबा त्याच संस्थानच्या घोड्यांची लीद काढायचे. दोघांच्याही घरी मराठीच. पण यांच्या मंडळाच्या गणपतीचं बोलावणं आमच्या घरी कधी आलं नाही.

भाची म्हणाली, “मावशी, इनका मराठीवाला कागज मेरे को पढ़ने में ही नहीं आया. तू फोनवर सांगितलं तसंच लिहून टाकलं.”

म्हणजे लिहूनही झालं होतं. मला फक्त बारकाव्यांसाठी बसवलं होतं. ती इंग्रजीत वाचायला लागली. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण ‘आय’ कळतं. पाणी तीच प्यायली होती. पंपही तिनंच घासला होता.

“कशानं घासलास?” मी विचारलं.

तिनं ताईंकडे पाहिलं. “साबुन से?”

मी खुर्ची मागे सारून उठले.

“अगं, तू का वैतागतेस?” ताई म्हणाल्या. “तुझं दुःख जगासमोर जातंय ना? कोणाच्या तोंडून गेलं, काय फरक पडतो?”

“पडतो. पुसा ते.”

“मग शिफारसपत्र विसरून जा.”

“विसरले. पुसा.”

ती पुसेपर्यंत मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले.

शिफारस संस्थेची किंवा समूहाची, कोणतीही चालेल, असं अर्जात होतं. दुसऱ्या दिवशी बस धरून मी त्याच गावात गेले. त्या बायकांचा आता बचत गट आहे. त्यांना म्हटलं, माझ्या कामाबद्दल चार ओळी द्या. गटाची अध्यक्ष सुगनाबाई. ती लिहिणारीला म्हणाली, “लिख, उस दिन हम चुप खड़े थे. वो भी लिख.” तसंच लिहिलं. सह्या झाल्या, अंगठे झाले.

अर्ज गेला. अंगठ्यांची शिफारस तिकडे कोण मानणार, असं ऑफिसात हसून झालं. निवड होईल की नाही, मला माहीत नाही.

आता ताईंचा निरोप आलाय. वातावरण बिघडतंय, तू आपणहून राजीनामा दे, तेच शोभेल. मी देणार नाही. रोज दहाला जाते, माझ्या टेबलाशी बसते. पाहुणे आले तर त्यांना तोंडावर सांगते, तो प्रसंग आता इथे ऐकायला मिळणार नाही. मला काढायचंच असेल तर ताईंनी लेखी काढावं. त्यात कारण लिहावं, स्वतःच्या हातानं, आणि खाली सही करावी.