बाराव्या मजल्यावरचा हिमालय

हिमालय आमच्या हॉलमध्ये मावत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, करून पाहिलेलं आहे.

परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही बाराव्या मजल्यावर आलो आणि माझ्या बायकोने, सुनंदाने, हॉलमध्ये पाळणाघर सुरू केलं. दोन-तीन वर्षांची सात-आठ पोरं असतात. मला सगळी आजोबा म्हणतात. मी निवृत्त असल्यामुळे दिवसातून एकदा घोडा होण्यापलीकडे माझ्यावर काही जबाबदारी नसते. सगळं छान चाललं होतं. मग समोरच्या टॉवरमध्ये एसी डे-केअर निघालं. भिंतीवर जिराफ, खाली रबरी फरशी आणि जानेवारीत म्हणे 'विंटर वीक'! आमच्याकडची दोन पोरं तिकडे गेली. उरलेल्यांच्या आया विचारू लागल्या, "काकू, तुमच्याकडे विंटर ॲक्टिव्हिटी काय?" (मुंबईत विंटर म्हणजे पंखा पाचवरून तीनवर आणायचा, यापेक्षा वेगळी ॲक्टिव्हिटी मी तरी पाहिलेली नाही.) सुनंदा हसून वेळ मारून न्यायची आणि दार लावलं की मटकन खाली बसायची. "अजून एकदोन गेली ना, की बंदच करावं लागेल हो," ती एकदा म्हणाली.

त्यातच एका शुक्रवारी कियान नावाच्या मुलाची आई पाळणाघर बघायला येणार होती. तो आला असता तर जरा धीर आला असता. आणि नेमकी त्याच दिवशी सुनंदाची दाढ सुजली! दादरला जाऊन ती काढून घेण्याशिवाय इलाज नव्हता. तरी बिचारी सगळं मांडून गेली. प्रत्येक पोरासाठी एक निळा कागद, कापसाचे दोन गोळे, गोंदाचा एक ठिपका. झाला स्नोमॅन.

"हे बघा, मुलांनी करायचंय. तुम्ही नुसतं बघायचं. कळलं?"

"अगं, मला काय शिकवतेस!"

"म्हणूनच सांगतेय," ती गाल धरून म्हणाली आणि गेली.

पोरं आतल्या खोलीत दुपारची झोपली होती. मी ते कागद बघत बसलो आणि मला भडभडून आलं. एवढ्याशा स्नोमॅनवर जिराफवाल्यांशी टक्कर द्यायची? तरुणपणी मी आणि माझा दोस्त बंड्या गल्लीतल्या गणपतीचा देखावा करायचो. आमचा कैलास बघायला लालबागहून माणसं यायची. (रस्ता चुकून यायची असं सुनंदा म्हणते.) अशा माणसाच्या घरात बर्फ म्हणजे कापसाचे दोन गोळे? मी बंड्याला फोन लावला.

"बंड्या, पोरांना बर्फ दाखवायचाय रे."

"किती?"

"थोडासाच."

"थोडासा बर्फ नसतो. डोंगर लागतो. तू खळ शिजव, मी गोणपाटं घेऊन येतो!"

बंड्या तासाभरात हजर झाला. गोणपाटांना सुकटीचा वास येत होता. "गावाहून सुकट आलेली ना, त्याचीच आहेत. डोंगराला कोण नाक लावतंय?" तो म्हणाला. आम्ही जेवणाच्या टेबलावर स्टूल, स्टुलावर खुर्ची चढवली, पक्की बांधली, खळीत बुडवलेली गोणपाटं त्यावर पांघरली आणि खाली पोरांसाठी एक गुहा ठेवली. हिमालय छताला टेकला, तेव्हा मी शिखर थोडं वाकवलं.

आता बर्फ! सुनंदाचा सगळा कापूस एका कड्याला पुरला. दोघांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोघांची नजर एकाच वेळी माझ्या गादीवर गेली.

"जुनीच आहे ना?" बंड्या म्हणाला.

"जुनीच आहे," मी म्हणालो आणि कात्री आणली.

पण जुन्या गादीतला कापूस पांढरा नसतो हो! तो राखाडी असतो. मुंबईत बर्फ पडला असता तर अगदी असाच पडला असता. तो पांढरा करायला मी सुनंदाने घावन्यांसाठी ठेवलेलं तांदळाचं पीठ चाळणीने वरून भुरभुरवलं. हिमालय दिसायला लागला!

तेवढ्यात पोरं उठली. पहिली आली मीरू. ही सगळ्यांत मोठी, तीन वर्षांची, त्यामुळे सगळ्यांच्या वतीने तीच बोलते.

"आजोबा, हे काय?"

"हिमालय!"

"वास येतोय."

मागून सार्थक आला, त्याने खळीच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला, चाटला आणि "खीर!" असं जाहीर केलं. झालं! सगळी बादलीवर तुटून पडली. गव्हाच्या पिठाची खळ, पोटाला अपाय नाही, असं मी स्वतःला समजावत एकेकाला ओढून काढत होतो, आणि काढलेलं प्रत्येक पोर मला मिठी मारत होतं. बंड्या मात्र घामाघूम होऊन शिखरावर कापूस लावत होता. "काय उकडतंय रे!" तो म्हणाला आणि त्याने पंखा लावला.

पाचवर!

पुढचं मला नीट दिसलं नाही. गादीतला सगळा कापूस आणि घावन्यांचं सगळं पीठ हवेत गेलं आणि सावकाश खाली आलं, ते खळीने माखलेल्या पोरांवर. हॉलमध्ये सहा स्नोमॅन उभे होते. मुलांनीच करायचं, हे सुनंदाने सांगितलेलं तेवढं मात्र झालं. सातवा मी होतो. मग सगळ्या स्नोमॅननी एकदम भोकाड पसरलं.

आणि बेल वाजली.

दारात कियानची आई. हाताला धरलेला कियान निळ्या स्वेटरमध्ये, भांग पाडलेला. मी "या ना" म्हणायला तोंड उघडलं तर तोंडातून कापूस निघाला. तेवढ्यात कियानने आईच्या हातातून हात सोडवला आणि तो थेट गुहेत घुसला!

"कियान! बाहेर ये!"

कोणी येईना. गुहेत आता निम्मी पोरं होती. मी हात घालून एक पांढरं पोर बाहेर काढलं.

"हा नाही," ती म्हणाली.

मी दुसरं काढलं.

"अहो, ही मुलगी आहे!"

"मग हा?"

"माझ्या मुलाला स्वेटर होता!" ती आता रडवेली झाली होती. मी तर केव्हाचाच रडवेला होतो. बंड्या "मी जरा पाणी आणतो" म्हणून निघाला होता आणि उघड्या दारातून पसार झाला होता.

तेवढ्यात सुनंदा आली.

दाढ काढल्यावर डॉक्टरांनी तिच्या तोंडात कापसाचा बोळा दिला होता आणि तासभर दातांखाली दाबून धरायला सांगितलं होतं. म्हणजे तिला बोलता येत नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अनेकदा ओरडली आहे, पण त्या दिवशी ती नुसती बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! हिमालय, पोरं, बादली, माझी उसवलेली गादी, मग मी. मग तिने पदर खोचला, पंखा बंद केला आणि ओल्या पंच्याने एकेक तोंड पुसायला घेतलं. चौथ्या तोंडाखाली कियान निघाला. तो हसत होता.

"चल घरी," त्याची आई म्हणाली. त्याने हिमालयाचा, म्हणजे आमच्या टेबलाचा, पाय घट्ट धरला. "नाही! इथे!"

ती बाई थक्कच झाली. "हा कुठेच राहत नाही हो. समोर जिराफ बघून रडला. काकू, इथे रोज असं असतं?"

सुनंदाने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, कधीच नाही!

"मी सोमवारपासून ठेवते त्याला. फक्त..." तिने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे आजोबा रोज असतात का?"

सुनंदाने तोंडातला बोळा काढला. सगळ्या दुपारचं तिचं ते एकच वाक्य.

"सोमवारपासून नसतील."

पाळणाघर वाचलं. कियान आला, त्याच्या आईने सांगितलं म्हणून आणखी एक पोर आलं. मी मात्र पोरं यायच्या आत लिफ्टने खाली उतरतो आणि शेवटचं पोर जाईपर्यंत गेटजवळच्या बाकावर बसून राहतो. बंड्या फोन उचलत नाही. माझी गादी आता चादरीएवढी पातळ झाली आहे, आणि नेमकी याच आठवड्यात मुंबईत खरी थंडी पडली.

परवा संध्याकाळी मीरू आईचं बोट धरून घरी निघाली होती. मला बघून थांबली.

"आजोबा, तुमची आई नाही आली न्यायला?"

"येईल गं."

"कधी?"

"रागावलीय जरा," मी म्हणालो.

मीरूने थोडा विचार केला आणि हातातलं अर्धं चोखलेलं बिस्कीट माझ्या तळहातावर ठेवलं. "रडायचं नाही हं. येते आई."

मी मुकाट्याने ते बिस्कीट खाल्लं आणि बाराव्या मजल्याकडे बघत, शहाण्या मुलासारखा वाट पाहत बसलो.