फणसाखालची पिकअप

मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावात आम्ही लग्नाला गेलो होतो. वीज केंद्रात माझ्याबरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या नात्यातलं लग्न. जेवण झाल्यावर पान चघळत मी मांडवामागे फिरत होतो, तेव्हा एक कोंबडी खिडकीतून खाली उडी मारताना दिसली. ती खिडकी घराची नव्हती. फणसाच्या झाडाखाली, दुधीच्या वेलात गुरफटलेली एक जुनी पिकअप जीप उभी होती. गोल दिवे, उभ्या फटींची जाळी, दोघातिघांपुरती केबिन आणि मागे माल ठेवायचा छोटा हौदा. चारही चाकं रिमपर्यंत मातीत गेली होती.

मी लहान असताना आमच्या गावच्या तेंदूपत्ता जमा करायच्या फडीवर अशीच एक गाडी यायची. आम्ही पोरं तिच्या मागे धावायचो. त्यानंतर तशी गाडी मी चालती पाहिलीच नव्हती. मी वेल बाजूला करून बॉनेटवर हात ठेवला. पत्रा गंजलेला होता, पण बोटांनी दाबून पाहिलं तर आत जात नव्हता.

"काय पाहून राह्यले?" बायकोनं मागून विचारलं. तिनं माझं तोंड पाहिलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. "लोक भंगार विकते अन् तुमी विकत घ्याच्या तयारीत हा."

गाडीची मालकीण समोरच्याच घरात राहत होती. पांढऱ्या साडीतली, पाठीत किंचित वाकलेली म्हातारी. निर्वासितांसाठी तेव्हा नव्यानं वसवलेल्या या गावात ती नवरी म्हणून आली आणि इथलीच झाली. तिचा नवरा लाकडाच्या ठेकेदाराकडून ही गाडी घेऊन भाजी आणि मासे बाजाराला न्यायचा. तो गेल्यापासून गाडी झाडाखाली होती. म्हातारीची मराठी तिची स्वतःची होती, अर्धी हिंदी. आणि पुल्लिंग-स्त्रीलिंगाच्या फंदात ती पडत नसे.

"गाडी नेतो तर ने," ती म्हणाली. "पर मुरगी कुठी राहील?"

किमतीचं बोलणं चटकन मिटलं. कोंबड्यांचं मिटायला वेळ लागला. शेवटी ठरलं की आधी मी खुराडं बांधून द्यायचं, मग गाडी उचलायची. त्याप्रमाणे पुढच्या सुट्टीत मी आणि माझा मित्र बांबू, जाळी आणि पत्रे घेऊन तिथे गेलो. हा मित्र आमच्याच केंद्राच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर. ऊर्जानगरच्या वसाहतीबाहेर त्यानं घर बांधलंय आणि घरामागे मोठी टिनाची शेड आहे. म्हातारीनं खुराड्याचं दार दोनदा उलट्या बाजूला लावायला लावलं. सकाळचं ऊन आत आलं पाहिजे, हे तिचं म्हणणं. कोंबड्या आत गेल्या, तिनं मान डोलावली, आणि आम्ही गाडी भाड्याच्या ट्रकवर चढवली.

शेडमध्ये आणल्यावर खरी गाडी दिसायला लागली. केबिनमधून टोपलीभर पिसं आणि फुटकी अंडी निघाली. घासकागद फिरवला तसे रंगाचे थर उघडे पडले. वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली मातकट. ब्रेक नावापुरतेही नव्हते. वायरिंग उंदरांनी संपवलं होतं. आणि इंजिन जाम. पुढून हँडल घालून आम्ही दोघं लोंबकळलो तरी तसूभर हललं नाही.

"भाऊ, हे इंजिन गेलं," मित्र म्हणाला. "दुसऱ्या जीपचं डिझेल इंजिन टाकू. महिन्यात गाडी पयते."

"इंजिनच बदललं तर मग हे गाडी कोणती?"

"चालणारी गाडी."

मी ऐकलं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि भिजू दिलं. रोज ड्यूटी सुटली की सायकलवरून शेडमध्ये जायचं, थोडं ओतायचं, हँडलला झोका द्यायचा, परत यायचं. मित्र बाजूला बसून बिडी ओढायचा. त्या काळात आम्ही चहा एकत्र घ्यायचो, पण गाडीबद्दल बोलायचो नाही. बाकी सगळं बोलायचो.

एका रविवारी हँडल बोटभर सरकलं. मला वाटलं माझाच हात घसरला. मी मित्राकडे पाहिलं. तो उठून आला, बिडी विझवली आणि माझ्या हातावर हात ठेवून पुन्हा जोर दिला. पुन्हा सरकलं.

"हाललं," तो म्हणाला. त्यानंतर दुसऱ्या इंजिनाचा विषय त्यानं काढला नाही. उलट माझ्याआधी तोच शेडमध्ये हजर असायचा.

मात्र एक गोष्ट त्यानं माझ्या गळी उतरवली. जुनी गाडी जपायची म्हणजे तिचे जुने ब्रेकही जपायचे असं नाही. "जे दिसते ते जुनं ठेव," तो म्हणाला, "जे थांबवते ते नवं पायजे." ते मला पटलं. म्हणून ब्रेक नवे आले, दिव्यांची सगळी वायरिंग नवी झाली, हौद्यात समोरासमोर दोन बाक बसवले आणि मागच्या फळीला कड्या-साखळीऐवजी छान घट्ट बसणारी खिटी केली. ती खिटी मीच घडवली होती आणि तिचा मला जरा अभिमानही होता.

बायको सुरुवातीला शेडकडे फिरकत नव्हती. ती वसाहतीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. तिच्या मशीनला सवड नसते. पण सीटसाठी मी आणलेलं रेक्झिन तिनं बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे कोणाले शिवाले देऊन राह्यले?" बाजारातल्या एका दुकानाचं नाव मी सांगितलं. "तो टाके मोठे घालते," ती म्हणाली. सीट तिनं शिवल्या, ताडपत्रीचं छतही तिनंच केलं, आणि मग रोज संध्याकाळी तीही शेडमध्ये येऊ लागली.

रंगही तिनंच ठरवला. "निया," ती म्हणाली. निळा. आमच्या घरात त्यावर चर्चा होत नाही. पण कोळशाच्या मुलखात रंग मारणं सोपं नसतं. पहिला हात मारून आम्ही जेवायला गेलो आणि आलो तर बॉनेटवर काळी कणी बसलेली. सगळं पुन्हा घासलं. दुसऱ्या वेळी तिनं घरातल्या जुन्या साड्या आणल्या, ओल्या करून शेडच्या चारही बाजूंनी टांगल्या आणि जमिनीवर पाणी शिंपडलं. त्या ओल्या साड्यांच्या खोलीत, गारव्यात, मित्रानं अंग चोरत रंगाची फवारणी केली. बाहेर आल्यावर त्याच्या मिशाही निळ्या झाल्या होत्या. गाडीवर एक कणी बसली नव्हती.

गाडी नावावर करणं, पुन्हा नोंदणी, तपासणी यात एक उन्हाळा गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो दिवस मात्र लिहिण्यासारखा आहे. या गाडीचा स्टार्टर पायानं दाबायचा असतो. मी कार्बोरेटरशी होतो, मित्र वायरींशी. आत बसून पाय दाबायला कोणीतरी हवं होतं, म्हणून बायकोला बसवलं. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. पाठीमागे उशी दिली. मी हात केला की ती दाबायची. बऱ्याच वेळा नुसतं घरघरलं. मग एकदा धडका बसला, काळा धूर निघाला, आणि इंजिन चालू राहिलं. मित्र दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकत उभा राहिला. मी बॉनेट सोडून बाजूला आलो आणि म्हणालो, "आता उतर, मी पाहतो."

तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. सगळी गाडी थरथरत होती आणि तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"मी नाई उतरत," ती म्हणाली. "मले शिकवा."

तोवर तिनं कधी गाडी चालवली नव्हती. पूर्वी एकदा शेजारणीची स्कूटी घेऊन ती पडली होती आणि तो विषय तिथेच संपला होता. मित्रानं तिच्यासाठी पेडलवर लाकडी ठोकळे बसवले, सीट पुढे घेतली. वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर आम्ही जायचो. या गाडीला गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो; मला स्वतःला ते जमायला वेळ लागला होता. तिनं आठवड्यात साधलं. मी विचारलं तर म्हणाली, "मशीनवर पाय अन् हात येगयेगये चालतेच की."

लायसन्स आल्यावर हिवाळ्यात आम्ही मुलचेऱ्याला निघालो. आष्टीपर्यंत मी चालवली. वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "आता सरका." पुढचा रस्ता सागवानाच्या जंगलातून. एका चढावर पाणी उकळलं, तेव्हा हातपंपाजवळ थांबलो. पाणी भरणाऱ्या बायका गाडीपेक्षा तिच्याकडेच पाहत होत्या. तिनं पदर नीट केला आणि रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून हळूच फिरवलं, जसं मी शिकवलं होतं तसंच.

म्हातारी अंगणातच होती. तिला वाटलं कोणी बाजारवाले आले. गाडी ओळखल्यावर ती काठी टेकत सगळीकडून फिरली. रंगाबद्दल काही बोलली नाही, सीटवर हात फिरवला, मागे गेली आणि थांबली.

"इथी साखळी होता," ती म्हणाली.

मी खिटी दाखवली. घट्ट बसते, आवाज येत नाही, असं सांगितलं.

"आवाज पायजे ना," ती म्हणाली. "तो बाजारातून येतो, त्या वळणावर साखळी वाजतो. मग मी भात टाकतो."

बायकोनं विचारलं, "आज बाजार आहे काय कुठी?" मुलचेऱ्यात होता. तिनं म्हातारीला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. म्हातारी म्हणाली की कधी नवऱ्याबरोबर बाजाराला गेली तरी ती मागे टोपल्यांपाशी बसायची. पुढे भाव ठरवणारे लोक. मी मागच्या बाकावर बसलो. बाजारात लोखंडाच्या दुकानात म्हातारीनं साखळ्या एकेक हलवून पाहिल्या आणि एक निवडली. मी तिथेच गाडीपाशी बसून खिटीच्या शेजारी ती अडकवली.

परत येताना वळणावर साखळी वाजली. म्हातारीनं मान वाकडी करून ऐकलं.

"असा नाई," ती म्हणाली. "जादा वाजायचा."

तरी तिनं घरी पोचताच आम्हाला जेवायला बसवलं. माशाचं कालवण आणि भात. खुराड्यातल्या कोंबड्या वाढल्या होत्या आणि दारातून सकाळचं ऊन कसं आत येतं हे तिनं बायकोला सविस्तर समजावलं. निघताना दोन पपया हौद्यात ठेवल्या.

म्हातारी अजून आहे. वर्षातून एकदोनदा आम्ही जातो.

गाडी आता घरच्यासारखी कामाला लागली आहे. पौर्णिमेला विहारात खिरीचं भांडं तीच नेते. नागभीडकडे माझ्या मेहुण्याची धानाची शेती आहे. कापणीनंतर आमच्या वाट्याची तांदळाची पोती आणायला आम्ही जातो. मित्र कधी बरोबर येतो, मागच्या बाकावर पाय पसरून बसतो आणि कुठला बोल्ट सैल झालाय ते ओरडून सांगतो.

मी जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकत आलो. गाडीत बसलो की कान तिकडेच असतो, बेअरिंग, पट्टा, टॅपेट. मागच्या महिन्यात नागभीडहून परतत होतो. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मागे तांदळाची पोती. बायको चालवत होती. मूल गाव जवळ आल्यावर तिनं मला हलवलं.

"चहा घेता काय?" ती म्हणाली. "सिंदेवाहीपासून झोपून राह्यले."