मखराची चौकट

परवा मुलीच्या शाळेतून एक फॉर्म आला. हल्ली शाळांना मुलांपेक्षा पालकांचीच चौकशी जास्त. त्यात एक प्रश्न होता, शाळेत असताना तुम्हाला सर्वांत कठीण गेलेला विषय कोणता? मी पटकन लिहून टाकलं, भूमिती. मुलगी हसत सुटली. "मम्मी, तू दिवसभर ऑफिसात घरांचे नकाशे काढतेस आणि तुला भूमिती कठीण?"

हो बाई, भूमिती. आणि नुसती कठीण नव्हती, तिच्यापायी माझी शाळा सुटायची वेळ आली होती.

तेव्हाही आम्ही बडोद्यातच होतो, दांडिया बाजारात, दोन खोल्यांत. घरात मराठी आणि शाळा गुजराती माध्यमाची. बाबा नंदेसरीला एका केमिकलच्या कारखान्यात फिटर होते. कंपनीची बस पहाटे कोपऱ्यावर यायची, त्याआधी बाबा नळापाशी दाढी करत माझा अभ्यास घ्यायचे. अभ्यास म्हणजे पाठांतर. आमचं घरच पाठांतराचं. पाढे पाठ, स्तोत्रं पाठ, आरतीत कुणाचा एक शब्द चुकला तर टाळ्या थांबायच्या आणि सगळे त्याच्याकडे बघायचे. मग भूमिती काय वेगळी? एका गालावर साबण, हातात माझं पुस्तक, आणि मी समोर उभी राहून प्रमेय म्हणायची. पक्ष, साध्य, साबिती म्हणजे सिद्धता, सगळं धडाधडा. एबीच्या जागी बीए म्हटलं की बाबा वस्तरा वर करायचे. "पहिल्यापासून!"

मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. पण म्हणून दाखवायला सांगा, श्वास न घेता म्हणून दाखवलं असतं. आणि खरं सांगते, मला त्याचा केवढा गर्व होता!

दहावीतल्या ऑगस्टच्या चाचणीत प्रश्न आला, आयताचे कर्ण समान असतात हे सिद्ध करा. मी खूश. पाठ होतं ना! मग खालची आकृती पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. पुस्तकातला आयत सरळ झोपलेला, हा मेला एका कोपऱ्यावर उभा. आणि अक्षरं ए, बी, सी, डी नाहीत, पी, क्यू, आर, एस! मला वाटलं, छापणाऱ्याने घोळ घातला. आरतीतला शब्द बदलतो का कोणी? तसंच हे. मी उत्तरपत्रिकेवर पट्टीने छान आडवा आयत काढला, त्याला ए, बी, सी, डी दिलं, आणि वर ठळक अक्षरांत गुजरातीत लिहिलं की प्रश्नपत्रिकेतील आकृती चुकीची छापली आहे, ती सुधारून घेतली आहे. बाकीच्या तीन प्रश्नांतही मी अशाच सुधारणा केल्या.

गणिताच्या बेननी, म्हणजे बाईंनी, मला पन्नासपैकी नऊ मार्क दिले आणि बाबांना शाळेत बोलावलं.

बाबा पहिल्या पाळीवरून थेट आले, कारखान्याच्या कपड्यांतच. त्या कपड्यांना एक आंबूस वास यायचा, घरी कधी जाणवायचा नाही, त्या स्टाफरूममध्ये जाणवला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. बेननी पेपर पुढे ठेवला. त्या रागावलेल्या नव्हत्या, हसू दाबत होत्या, ते जास्त वाईट. "असं घोकायला हिला शिकवलं कोणी?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"तमे केटलुं भण्या छो?" तुमचं शिक्षण किती?

बाबांनी टेबलावरचा माझा पेपर उचलला. "मॅट्रिक."

मी लगेच ताठ झाले. आमच्या चाळीत बाबांच्या वयाचे मॅट्रिक झालेले होते कितीसे? पण बाबा मात्र माझा पेपर हातात धरून नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुस्तक मागितलं नाही, त्यानंतरही कधी मागितलं नाही. मला वाटलं, बाबांनी माझ्यावर पाणी सोडलं.

त्यात आमची आत्या. ती पाणीगेटला राहायची आणि तिला सगळ्या बातम्या आमच्याआधी कळायच्या. रविवारी हजर. "पोरीचं डोकं नाही चालत तर कशाला जीव काढता तिचा? माझ्या शेजारी चांगला शिवणक्लास आहे. दोन वर्षांत हात बसेल, मग स्थळं बघू." आई पोळ्या लाटत राहिली. बाबा म्हणाले, "दहावीला नापास झाली तर तू म्हणशील तसं."

मी दाराआड उभी राहून ऐकलं. शिवणकामाला मी नावं ठेवत नाही, पण मला शाळा हवी होती हो! मला अकरावीला जायचं होतं, सगळ्या मैत्रिणींबरोबर. आणि माझ्या हातात होतं काय, तर एक पाठ केलेलं पुस्तक, ज्यातली अक्षरं कोणीही बदलून टाकू शकत होतं.

मग गणपती आले. आमच्याकडे मखर बाबा स्वतः करायचे. विकतचं मखर आणलं असतं तर त्यांना अन्न गोड लागलं नसतं. आधीच्या रविवारी दुपारी त्यांनी लाकडी पट्ट्यांची चौकट जमिनीवर मांडली, चारही कोपऱ्यांत एकेक खिळा अर्धवट ठोकला आणि मला हाक मारली. "दोरी धर."

दोरी एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ताणायची, तिथे गाठ मारायची. मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर. कारखान्यात ते लोखंडाच्या चौकटी अशाच तपासायचे. बाबा कोपऱ्यांना खोलीतल्या जागांवरून नावं द्यायचे. एक खिडकीचा कोपरा, पुढचा दाराचा, मग कपाटाचा, मग देव्हाऱ्याचा. खिडकी ते कपाट दोरी बसली. दार ते देव्हारा चार बोटं कमी पडली.

"म्हणजे चौकट कलली," बाबा म्हणाले. लांब तिरक्या मापाच्या कोपऱ्यावर त्यांनी गुडघा टेकून दाबलं. मी बघत होते. पट्ट्या तेवढ्याच होत्या, कापल्या नाहीत की जोडल्या नाहीत, पण एक तिरकं माप कमी होत गेलं आणि दुसरं वाढत गेलं. दोन्ही सारखी झाली आणि चारही कोपरे ताठ काटकोनात आले. बाबांनी खिळे पक्के ठोकले. मग मागून पुठ्ठा लावायला त्यांनी चौकट फिरवली. खिडकीचा कोपरा दारापाशी आला, दाराचा कपाटापाशी गेला.

"थांबा!" मी ओरडले. बाबांचा हातोडा हवेतच.

मी दोरी घेतली, पुन्हा लावली. नावं सगळी बदलली होती, मापं तीच होती. अगं बाई! पी, क्यू, आर, एस म्हणजे हेच की! चौकट फिरवली होती नुसती. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"पण बाबा, दोन्ही सारखीच का येतात?"

बाबांनी हातोडा खाली ठेवला. "ते तू सांग. मला माप येतं. कारण नाही येत."

मी जमिनीवर बसले आणि सांगायला लागले. हे बघा, खिडकी, दार, कपाट हा एक त्रिकोण. देव्हारा, कपाट, दार हा दुसरा. दार-कपाट ही पट्टी दोघांची एकच. खिडकी-दार आणि देव्हारा-कपाट या समोरासमोरच्या, म्हणून सारख्या. मधला कोन दोन्हीकडे काटकोन. म्हणजे एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर पालथा ठेवला तर तंतोतंत बसेल. मग तिरक्या बाजू वेगळ्या येतीलच कशा?

शंभर वेळा म्हटलेलं प्रमेय मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. बाबा उकिडवे बसून चौकटीवरून बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, "परत सांग. सावकाश." मी परत सांगितलं.

त्या दिवसापासून पहाटेचा क्रम उलटा झाला. पुस्तक माझ्याकडे, दाढी करणारे बाबा ऐकणारे. मी समजावून सांगायची आणि ते दर ओळीला विचारायचे, "कारण?" कारण देता आलं नाही तर पुढे जायचं नाही. वस्तरा तसाच गालाशी. दोनदा त्यांची बस चुकली.

मार्चमध्ये परीक्षा झाली, उन्हाळ्यात निकाल लागला. गणितात एकसष्ट. मी चाळभर ओरडत फिरले. आत्या पेढे खायला आली, आणि शिवणक्लासचं नावसुद्धा काढलं नाही तिने.

ती गेल्यावर बाबांनी पत्र्याच्या पेटीतून एक पिवळा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांची मार्कशीट. गणित, बावीस. त्याखाली दुसऱ्या वर्षीची, गणित, अठ्ठावीस. "दोनदा बसलो," ते म्हणाले, "दोन्ही वेळा सगळं पाठ होतं. तुझा पेपर बघितला आणि माझाच पेपर दिसला मला. तुला पाठ करायला लावलं, कारण मला तेवढंच येत होतं." मग आईकडे न बघता पुटपुटले, "लग्नात मॅट्रिक पास म्हणून सांगितलं होतं."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "साखरपुड्यालाच कळलं. तुमच्या बहिणीच्या पोटात काही राहतं का?"

बाबांनी आधी आईकडे, मग पेटीकडे बघितलं. इतकी वर्षं तो कागद त्यांनी पेटीच्या तळाशी दडवला होता, आणि आई रोज त्या पेटीवरची धूळ पुसत होती.

दुसऱ्या दिवशी अकरावीचा फॉर्म भरायचा होता. नाव, पत्ता, सगळं मी भरलं. 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यात मी मॅट्रिक लिहायला लागले तर बाबांनी पेन काढून घेतलं. चष्मा लावला आणि त्यांच्या सुरेख वळणदार अक्षरांत सावकाश लिहिलं, 'मॅट्रिक, गणितात नापास.' शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. "जा, देऊन ये. कोणी विचारलं तर सांग, आता मुलगी शिकवते."