क्लच किती वेळा दाबला

आमच्या कन्हेरीहून सणसरला जाताना गाडीचा क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे मी एकदा मोजलं आहे. दोन दिवस, दोन गाड्या आणि मागे तोच मिक्सर. वहीच्या पानावर मी दोन रकाने आखले होते, एक गिअरच्या दांड्यासाठी आणि एक पायासाठी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वही आता नाही, पण आकडे लक्षात आहेत.

आम्ही घरांचे स्लॅब टाकायची कामं घेत असू. काँक्रीट कालवायचा एक मिक्सर, पन्नासेक घमेली, फावडी, आणि पंधरा-सोळा गडी-बाया. माझे यजमान मुकादम. कोणाचा स्लॅब कोणत्या दिवशी, कोण कामाला आलं, कोणाचं मूल आजारी आहे, सिमेंटच्या गोण्या उतरल्या का, हे सगळं माझ्याकडे. मी मॅट्रिक झालेली, आणि यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही. आठवडी बाजाराला निघताना यादी, विहारात कार्यक्रम असला की यादी, पाहुणे जेवायला यायचे असले तरी यादी. हे मला तलाठीबाई म्हणत. हळूहळू इतर लोकही म्हणायला लागले आणि मीही वाईट वाटून घेणं सोडून दिलं.

ह्यांना मात्र गावात कोणी मुकादम म्हणत नसे. लग्नाआधीपासून ट्रक चालवलेला माणूस. मुकादमकी घेऊन सात-आठ वर्षं झाली तरी सगळ्यांच्या तोंडी ‘डायवर’च होतं, आणि ते ह्यांना आवडायचं. चावडीवर कोणी ‘डायवर’ अशी हाक मारली की मान आपोआप ताठ व्हायची.

मिक्सर एका कामावरून दुसऱ्या कामावर न्यायला आम्ही भाड्याने ट्रॅक्टर लावायचो. पण एकदा ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर सगळे कारखान्याच्या रांगेत. स्लॅबखालचं फळ्यांचं सेंटरिंग बांधून तयार, घरमालक वाट बघतोय, आणि मिक्सर आमच्या अंगणात, असं दोन हंगाम झालं. म्हणून स्वतःची जुनी का होईना, डिझेल पिकअप घ्यायचं ठरलं. मागे मिक्सर जोडायचा आणि हौद्यात बाया बसवायच्या.

बारामतीत एका गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे विकाऊ पिकअप उभ्या होत्या. दोन.

“इंजिन दोनीचं एकच हाय, वहिनी,” मिस्त्री म्हणाले. “फरक गिअरबॉक्सचा. ही चार गिअरची. जुनी, दणकट. पहिला टाकला की घर वढून आणंल. पर क्लच असा कडक की दाबताना आय आठवती. आन ही पाच गिअरची. क्लच लोण्यागत. मोकळ्या रस्त्याला पळती बी झकास. पर मागं वझं असलं की उताराला खालचं गिअर गाडीला धरून ठेवत न्हायती.”

“पाचचीच घेऊ,” हे लगेच म्हणाले. “चार गिअरचा जमाना गेला आता.”

“डायवर, तुमाला मिक्सर वढायचाय का वरात काढायचीय?”

“दोनी करू. तुमची वरात काढायची राहिलीच हाय.”

दोघंही हसले. मी म्हटलं, दोन्ही गाड्या एकेक दिवस द्या, मिक्सर लावून बघू. सणसरला एकाच वस्तीवर दोन भावांचे स्लॅब लागोपाठ दोन दिवस होते. रस्ता तोच, वजन तेच, माणसं तीच. तुलना करायला याहून चांगलं काय मिळणार?

यादी मी आदल्या दिवशीच केली. ओढ कशी, डिझेल किती खाते, सुटे भाग बारामतीत मिळतात का, हौद्यात किती माणसं बसतात, क्लच कसा. पहिल्या चार गोष्टी विचारून, बघून लिहिता येत होत्या. क्लचपुढे ‘कडक’ आणि ‘हलका’ एवढंच लिहिणं मला पटेना. कडक असला तरी कमी वेळा दाबावा लागत असेल तर काय बिघडलं? हलका असून सारखाच दाबावा लागला तर पाय थकणारच. म्हणून मोजायचं ठरवलं. दांडा हलला की एक रेघ, पाय खाली गेला की दुसऱ्या रकान्यात एक रेघ.

खरं सांगायचं तर क्लचची चौकशी ह्यांच्या डाव्या गुडघ्यामुळे होती. चार वर्षांपूर्वी हे सेंटरिंगच्या फळीवरून पडले होते. महिनाभर पट्टा बांधला, मग ‘बरं झालंय’ म्हणाले. मीही ते बरं झालं असं धरून चालले होते.

पहिल्या दिवशी चार गिअरची गाडी. मी ह्यांच्या शेजारी, मांडीवर वही. मागे हौद्यात नऊ बाया आणि त्यांची पुढारी मावशी. मावशी साठीला आली होती, पण घमेल्यांच्या रांगेत पहिली तिचीच जागा, आणि तिच्या शब्दापुढे ह्यांचंही चालत नसे. गडी सायकलींवरून पुढे गेले होते. मिक्सर हुकाला जोडलेला. त्याला स्वतःचा ब्रेक नसतो. गाडी थांबली तर तो थांबणार, एवढंच.

सणसरच्या वस्तीकडे वळलं की कॅनॉलवर एक जुना अरुंद पूल होता. एका बाजूने चढायचं आणि माथा गाठला की लगेच दुसऱ्या बाजूला उतार. उताराच्या तळाशी रस्ता डावीकडे वळतो. चढायच्या आधीच ह्यांनी दुसरा गिअर टाकला. दात आवळून, सगळा पाय क्लचवर देऊन. गाडी घुरघुरत वर गेली आणि तशीच घुरघुरत, बैलाच्या चालीने खाली उतरली. ब्रेकला पाय जेमतेम लागला असेल.

“डायवर, पाळण्यात बसल्यावानी वाटलं,” मावशी मागून ओरडली.

वस्तीवर पोहोचेपर्यंत दांडा एकेचाळीस वेळा आणि पाय सत्तेचाळीस वेळा. बरोबरच होतं. गिअर बदलताना पाय लागतो आणि थांबताना वेगळा लागतो, म्हणजे पायाच्या रेघा जास्तच असायला हव्यात.

संध्याकाळी घरी आल्यावर हे गाडीतून उतरले आणि दार धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. जेवताना म्हणाले, “खाली नको, खाटेवरच दे ताट.” मी दिलं. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी पाच गिअरची गाडी. बसल्या बसल्या हे खूश. “बघ, काय क्लच हाय. अंगठ्यानं दाबावा.” रस्ता लागला आणि मी रेघा मारायला लागले. निम्म्या वाटेत माझ्या ध्यानात आलं की रकाने जुळत नाहीत. दांड्याच्या रेघा पुढे चालल्या होत्या आणि पायाच्या मागे पडत होत्या. आधी वाटलं, आपलंच चुकलं, खड्ड्यांकडे बघण्यात पायाकडे लक्ष राहिलं नाही. मग मी दांड्याकडे बघणं सोडलं आणि फक्त पायाकडे बघत राहिले.

पाय क्लचच्या शेजारी नुसता ठेवलेला होता. दांडा मात्र हलत होता. क्लच न दाबता गिअर काढून घेता येतो, मुरलेल्या ड्रायव्हरला ते जमतं. गाडी न्यूट्रलवर सोडायची आणि आपल्या वेगाने घरंगळू द्यायची. डिझेल वाचतं म्हणून कितीतरी ड्रायव्हर तसं करतात, ह्यांनीही ट्रकवर केलं असेल. पण हे डिझेलसाठी चाललेलं नव्हतं. अंगठ्याने दाबावा असा क्लच, आणि तोही ह्यांना दाबवत नव्हता. आदल्या दिवशीच्या सत्तेचाळीस वेळांनी गुडघा इतका धरला होता.

तेवढ्यात पूल आला. गाडी वर चढली आणि माथ्यावर ह्यांच्या हाताने सवयीने दांडा मधे, न्यूट्रलवर आणला. इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. मागून मिक्सरने जो रेटा दिला तो पाठीला लागला. ह्यांनी उजव्या पायाने ब्रेक दाबून धरला, पण गाडी थांबेना, मागची बाजू आडवी सरकायला लागली आणि हौद्यातल्या बाया एका सुरात ओरडल्या. तळाच्या वळणावर उसाने भरलेली बैलगाडी होती. तिच्या मागे लोंबणारे उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाडं, आमच्या काचेला घासले आणि तिथे गाडी थांबली.

गाडीवान उतरून आला. बैलांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

“काय वं डायवर, वाडं खायाला आलाय व्हय?”

हौद्यातल्या बाया हसल्या. माणूस फार घाबरला की कशालाही हसतो, तसं. मावशीचा खालचा ओठ फळीवर आपटून फुटला होता. ती पदर लावून बसली होती आणि पदर लाल झाला होता.

“मिक्सरनं ढकललं,” हे म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. “हुकाची पिन ढिली दिसतीय.”

उतरून ह्यांनी पिन ठोकली. सगळ्यांना ते पटलं. पाय फक्त मी बघितला होता. त्या दिवशी दांडा अडतीस, पाय एकोणीस.

स्लॅब झाला. मावशीने फुटक्या ओठानिशी दिवसभर घमेली दिली. घरी येऊन मी यादी पक्की करायला बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खोटी यादी केली. खोटं असं काही लिहिलं नाही, पण पूल गाळला. ओढ: दोन्ही पुरेशा. डिझेल: पाच गिअरची कमी खाते. सुटे भाग: दोन्हींचे मिळतात. क्लच: पाच गिअरची हलकी. खाली लिहिलं, पाच गिअरची घ्यावी.

माझा हिशोब असा होता की चार गिअरची गाडी घेतली तर हे ती चालवू शकणार नाहीत. दोन दिवस चालवतील आणि तिसऱ्या दिवशी उठू शकणार नाहीत. दुसरा ड्रायव्हर ठेवला की ह्यांना घरच्या गाडीत परका माणूस चाकावर बघावा लागणार. पाच गिअरची घेतली तर निदान दोन-तीन वर्षं निभावेल. पुलाच्या अलीकडे बायांना उतरवायचं आणि पलीकडे चालत जाऊन परत बसायचं, असं मी मनात ठरवलं. ते कागदावर घेतलं नाही. घेतलं असतं तर पुढे कारण लिहावं लागलं असतं.

सकाळी गॅरेजवर गेलो. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

“काय ठरलं, तलाठीबाई?” मिस्त्रींनी विचारलं.

मी वही उघडली. ह्यांनी हात पुढे करून ती घेतली. माझी यादी ह्यांनी कधी वाचली नव्हती, वाचून दाखव म्हणत. त्या दिवशी बोट ठेवून, एकेक ओळ, शेवटपर्यंत वाचली.

“पूल कुठं हाय ह्यात?”

“कसला पूल?”

“मावशीचा वट फुटला त्यो.”

ह्यांनी मागचं पान उलटलं. तिथे रेघा होत्या.

“तू मोजत व्हतीस ते दिसत न्हवतं व्हय मला? मोजताना वट हालत्यात तुजं.” मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, “चार गिअरची द्या.”

“आवो पर त्या क्लचचं...”

“क्लच दाबणारा दुसरा बघू. तुमच्या वळखीत कोण असला तर सांगा. सावकाश चालवणारा पायजे. मागं बाया असत्यात.”

मिस्त्री म्हणजे शब्दाला शब्द देणारा माणूस. त्यांनी चिंध्यांना हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाले, “बघतो, मुकादम.”

गाडी उद्या न्यायची ठरली. आम्ही गॅरेजच्या बाहेर आलो. रस्त्यावर उन्हं वर आली होती, कॉलेजची मुलं सायकलींवरून चालली होती. मी विचारलं, “कधीपासून दुखतंय?”

“गेल्या दिवाळीपासून. थंडी सुटली की जास्त.”

“मला का सांगितलं नाही?”

“तू यादीत घातलं असतंस.”

ते खरं होतं. दवाखाना, डॉक्टर, एक्स-रेचा फोटो, औषध, सगळं एकाखाली एक लिहिलं असतं आणि सगळ्यात खाली, गाडी चालवणं बंद, असं लिहून मोकळी झाले असते. मला त्यात काही अवघड वाटलं नसतं. आदल्या दिवशी तेच लिहायची पाळी आली तेव्हा मात्र हात धजावला नव्हता.

“आत्ता जाऊ दवाखान्यात,” मी म्हटलं. “जवळच आहे. रिक्षा बघू?”

“चालत जाऊ.”

आम्ही चालायला लागलो. वीसेक पावलं झाली असतील, तेव्हा ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी. लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती, पण भर रस्त्यात, लोकांदेखत ह्यांनी मला कधी हात लावला नव्हता. हात चांगलाच जड होता. ओळखीचे दोघं-तिघं समोरून गेले, त्यांनी बघितलं. ह्यांनी हात काढला नाही. मी चाल कमी केली आणि ह्यांच्या डाव्या पायाबरोबर पाऊल टाकत दवाखान्यापर्यंत गेले.