एकाच टोकाला दोन साखळ्या

"हात लावून बघितलंत?" हा माझ्या जोडीच्या जुन्या सहकाऱ्यांचा ठरलेला प्रश्न. तो विचारताना त्यांचा उजवा हात हवेतच एक कुलूप ओढून बघायचा. टपरीवाल्याने गॅस बंद केला तरी हेच विचारणार. डोळ्यांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

पुण्याच्या कडेच्या एका रेल्वे यार्डात आम्ही दोघं पॉइंट्समन. रुळांचे सांधे बदलायचे, डबे जोडायचे-सोडायचे, उभ्या डब्यांचे हँडब्रेक आवळायचे आणि दोन्ही टोकांची चाकं साखळीने रुळाला बांधून कुलूप घालायचं. आमच्या यार्डाला उतार आहे. डबे घरंगळले तर थेट मेन लाइनवर, जिथून तुम्हीआम्ही भरल्या गाडीने जातो. मी बाई म्हणून बाकीचे दबकत शिकवायचे. हे सरळ खेकसायचे, "अहो ताई, साखळीला लाजताय काय? ओढा!" मला त्यांचा फार आधार वाटायचा.

यार्डातल्या त्यांच्या शेवटच्या वर्षी ते बांधलेली साखळी बघायला पुन्हापुन्हा मागे जाऊ लागले. आम्ही हसायचो.

एका दुपारी ड्यूटी संपवून आम्ही त्यांच्या स्कूटरवरून मांजरी गावाकडे, घरी निघालो होतो. रसवंतीपाशी त्यांनी एकदम ब्रेक दाबला. चेहरा पांढराफटक.

"ताई, साखळी बांधली का मी?"

त्यांनी यार्डात फोन लावला. पुढच्या पाळीचा माणूस म्हणाला, "बांधलीय हो, दिसतेय की."

"दिसतेय काय? कुठल्या टोकाला?" तोवर त्याने फोन ठेवला होता.

आम्ही उलटे फिरलो. वाटभर मी मेन लाइनचाच विचार करत होते.

साखळी होती. एक नाही, दोन होत्या. दोन्ही एकाच टोकाला, दोन कुलुपं घालून. दुसरं टोक मोकळं. डबे नुसत्या हँडब्रेकवर उभे होते.

त्यांनी एक साखळी सोडली आणि दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली.

"झालं ना आता? कुणाला सांगू नका. नोकरीवर गदा येईल," मी म्हटलं.

"दोन्ही वेळा हात लावून बघितलं असणार मी. आणि आठवत एकही नाही, ताई."

ते तसेच स्टेशनमास्तरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "यापुढे तुम्हाला यार्डात पाठवता येणार नाही, कळतंय ना?"

"म्हणूनच आलो, साहेब. आणि दुसऱ्या टोकाची साखळी आत्ता मीच बांधलीय. ताईंना पाठवून बघून घ्या."

मी गेले. अगदी पक्की बांधलेली होती. मला तिथेच रडू आलं.

आता ते कसबा पेठेत मुलीकडे असतात. अधूनमधून दुपारी त्यांचा फोन येतो. "ताई, बांधली का?"

"हो, दोन्ही टोकांना," मी सांगते.

"बरं झालं," म्हणतात. मग पुन्हा तेच विचारतात.