वसंताची अगरबत्ती

वसंताच्या बायकोचा, म्हणजे वहिनीचा, फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅनेल उघडून बसलो होतो. "भाऊजी, हे गेले..." म्हणाली. मी म्हणालो, "बरं." आणि पुढचा स्क्रू आवळला. लोकांना हे वाचून वाईट वाटेल, वाटू द्या. शोकसभेत सगळे म्हणाले, वसंता म्हणजे सोन्यासारखा माणूस. सोनं पाहिलेलं तरी आहे का यांनी? आयटीआयपासून मी त्याच्यासोबत होतो. तो बढाईखोर होता, तोंडाचा फाटका होता, आणि चूक कबूल करायची म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. त्याच्या फोटोपुढे सगळ्यांनी अगरबत्ती लावली. मी लावली नाही, हात खिशात घालून मागे उभा राहिलो.

धंदा आमचा जोडीचा होता. कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर त्याच्याकडे. शेडचे पंखे, पाण्याचा पंप, विजेच्या कुलपाचं दार हे सगळं चालवणारं पॅनेल माझ्याकडे. कापसाची ती वाईट वर्षं होती. एकामागून एक जिनिंग गिरण्या बंद पडत होत्या, आणि जी चालू होती तिच्या शेठपुढे सगळे मान खाली घालून असायचे. अशाच एका शेठला रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, चोरीची फार धास्ती. दारातून कोणी परका आत शिरला की कॅमेऱ्यानं ओळखावं, रेकॉर्डरनं पॅनेलला इशारा द्यावा आणि दाराला आपोआप कुलूप लागावं, म्हणजे चोर आतच सापडेल, अशी त्याची फर्माईश. मी म्हटलं, ठीक आहे, पण त्याच शेडमध्ये बाया कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडून बाजूला काढतात. आग लागली तर उलटं व्हायला पाहिजे: पंखे बंद, पंप चालू, दार उघडं. त्या बायांमध्ये माझी बहीण शोभा होती. तिचा नवरा नव्हता, घर तिच्या दोन हातांवर चालायचं.

रेकॉर्डरच्या पाठीमागे इशारा बाहेर काढायची जागा एकच होती, आणि ती चोरासाठी वापरली होती. मी त्याला शंभरदा बजावलं, "वसंता, धुराच्या यंत्राची वायर सरळ माह्या पॅनेलवर आण. रेकॉर्डरमधून नको फिरवू."

"तू तुह्यं पॅनेल पाह्य ना बे. मले शिकवून राह्यला का?"

वायर आली. तिच्यावर त्यानं चिठ्ठीही बांधली होती, 'आग'. मी ती माझ्या बाजूनं जोडली. दुसरं टोक त्यानं छतात टेप गुंडाळून तसंच लटकत ठेवलं होतं, हे मला फार नंतर कळलं. धुराचं यंत्र त्यानं तात्पुरतं रेकॉर्डरलाच जोडून टाकलं होतं, कारण ते जवळ पडत होतं. म्हणजे धूर झाला की रेकॉर्डर पॅनेलला ओरडून सांगणार: चोर आला, दार लाव.

धूर करून पाहिलं असतं तर हे तेव्हाच उघडं पडलं असतं. पण चाचणी ठेवली होती हंगामाच्या मुहूर्ताला. जिनिंगमध्ये मुहूर्ताच्या दिवशी शेडच्या आत काडी ओढत नाहीत, पूजेची अगरबत्तीसुद्धा फाटकाबाहेर लावतात. आग आठवली तरी अपशकुन. मी म्हटलं, शेड रिकामी आहे, आत्ताच धूर करून पाहू. शेठनं डोळे वटारले. वसंता लगेच म्हणाला, "शेठ, तुमचं बरोबर हाय. उद्या करून घेऊ." दुसऱ्या दिवशी मला आर्णीच्या कामावर जावं लागलं. संध्याकाळी त्यानं मला सांगितलं, धूर करून पाहिला, सगळं ओके आहे. खोटं बोलला हरामखोर.

दिवाळीनंतर भरदुपारी रुईनं पेट घेतला. दार लागलं. पंखे चालूच. आत बाया... गड्यांनी लोखंडी सब्बलीनं दार फोडलं, सगळ्या जिवंत निघाल्या, पण तोवर शोभानं भिंतीचा टिनाचा पत्रा हातानं फाकवून धरला होता, बाकीच्यांना श्वास मिळावा म्हणून. तिच्या उजव्या हाताच्या शिरा कापल्या गेल्या. तिची बोटं आजही मिटत नाहीत. भाकर थापता येत नाही तिला.

वसंता दवाखान्यात आला तो शेठला शिव्या देत. शेठनं धूर करू दिला नाही, यंत्रच भंगार निघालं, कंपनी चोर... शोभा पलंगावरून त्याच्याकडे नुसती पाहत होती. "माह्यं चुकलं" एवढे दोन शब्द त्याला तेव्हाही जमले नाहीत आणि मरेपर्यंत जमले नाहीत. त्या दिवशी मी आमची जोडी मोडली.

त्यानंतरच्या त्याच्या वेडाचं शोकसभेत फार कौतुक झालं. प्रत्येक नव्या शेडमध्ये माल भरायच्या आधी तो स्वतः आत जाऊन बसायचा, बाहेरून दार लावून घ्यायचा आणि धुराच्या यंत्राखाली अगरबत्त्यांचा जुडगा पेटवायचा. दार आपोआप उघडलं तरच काम पुरं. मुहूर्ताच्या दिवशीही करायचा. मालकांनी हाकलून दिलं, कामं सुटली, तरी ऐकलं नाही. म्हणे, केवढी निष्ठा! निष्ठा कसली? शोभाच्या दारात यायची हिंमत नव्हती, म्हणून लोकांच्या शेडा धुपवत फिरत होता.

तेरवीनंतर वहिनीनं त्याची कामाची पिशवी माझ्यापुढे ठेवली. बोरी अरब गावची एक शेड अर्धी राहिली होती. "तुमच्याबिगर कोणाले देऊ?" म्हणाली. पिशवीत पक्कड, टेप आणि अर्धा सरलेला अगरबत्तीचा पुडा होता. मी शोभाला विचारलं, करू का हे काम? ती डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. "कर," म्हणाली. "पण त्यानं मले एकदा तरी चुकलं म्हणायले पाह्यजे होतं, दादा."

मी बोरीला गेलो. वायरी जोडल्या. मग आत बसलो, बाहेरच्या माणसाला दार लावायला सांगितलं आणि त्याच्याच पुड्यातल्या अगरबत्त्या पेटवल्या. धूर डोळ्यांत गेला. त्या बंद शेडमध्ये मी वसंताला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. तेवढ्यात पंखे थांबले, पंप सुरू झाला, आणि दार उघडलं.

पुडा आता माझ्या पिशवीत असतो. संपला की नवा घेतो, प्रत्येक शेडमध्ये लावतो. त्याच्या फोटोपुढे मात्र मी अजून एकही लावलेली नाही.